नातीच्या नावांची यादी वाचून

चि. अनिरुद्ध यास,
आईचे अनेक आशीर्वाद.

तू आणि केतकीने मिळून काढलेली यादी वाचली. मायरा, कियारा, अनया, निकिता, इरा, मीरा, मुक्ता. प्रत्येकीपुढे अर्थही लिहिले आहेत, पण निम्मे चुकीचे आहेत. तो दोष तुमचा नाही. नावांच्या याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात आणि नाव कुठलंही असो, अर्थ 'सुंदर', 'लक्ष्मी' किंवा 'देवाची देणगी' यांच्या पलीकडे सहसा जात नाही. बारशाला थोडे दिवस आहेत, म्हणून सविस्तर लिहिते. अर्थ काय, हे विचारण्याआधी नाव कोणत्या भाषेतलं आहे, तिथे ते कसं घडलं आणि कोणाला ठेवलं जातं, हे विचारा. भाषा चुकली की अर्थ चुकलाच.

'अनया' घे. यादीत अर्थ आहे 'काळजी घेणारी'. संस्कृतात नकाराचा नियम सरळ आहे: पुढे व्यंजन असेल तर 'अ' लागतो, स्वर असेल तर 'अन्'. अघ म्हणजे पाप, म्हणून अन् + अघ = अनघा, निष्पाप. अन् + अन्या = अनन्या, जिच्यासारखी दुसरी नाही. 'अनया' मात्र अ + नय असं फुटतं. नय म्हणजे नीती, आणि अनय म्हणजे अनीती, दुर्वर्तन, दुर्दैवसुद्धा. अनघा आणि अनया कानाला बहिणी वाटतात, पण अर्थाने एकमेकींच्या उलट आहेत. 'काळजी' हा अर्थ कुठून आला म्हणशील, तर तो अरबी 'इनाया' या नावाचा आहे. उच्चार जवळचा, म्हणून कोणीतरी दोन्ही एकत्र करून टाकली.

तपासायची पद्धत अवघड नाही. शेवटचा स्त्रीलिंगी प्रत्यय काढायचा, सुरुवातीला अ, सु, वि, नि असं काही असेल तर तेही बाजूला ठेवायचं, आणि उरलेला शब्द कोशात बघायचा. वामन शिवराम आपटे यांचा १८९० चा आणि मोनियर-विल्यम्स यांचा १८९९ चा, हे दोन्ही संस्कृत-इंग्रजी कोश आज संगणकावर शोधता येतात. मराठी शब्दांसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. कोशात पहिला अर्थ आधी वाचायचा. याद्या करणारे सातवा-आठवा, एखाद्याच जुन्या कोशकाराने दिलेला अर्थ उचलतात, कारण तो गोड असतो. आणि शब्द कोशात सापडलाच नाही, तर तो दुसऱ्या भाषेतला असेल किंवा नवा घडवलेला असेल. नवं नाव ठेवण्यात काहीच गैर नाही, फक्त त्याला जुना अर्थ चिकटवू नये.

'मायरा' असंच आहे. संस्कृतात त्याचा अर्थ 'लाडकी' असल्याचं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण हे नाव इंग्रजीतलं आहे. फुल्क ग्रेव्हिल (१५५४–१६२८) या इंग्रज कवीने ते आपल्या कवितांसाठी घडवलं. याच अक्षरांचं एक प्राचीन शहर आजच्या तुर्कस्तानात होतं, पण तो वेगळा विषय. कवीने घडवलेलं नाव चारशे वर्षं टिकलं ही काही कमी गोष्ट नाही. तसंच सांगून ठेवलंत तर माझी हरकत नाही.

'कियारा' मात्र काळजीपूर्वक बघा. इटालियन किआरा हे लॅटिन 'क्लारा'वरून आलं: स्वच्छ, उजळ. असिसीची संत क्लेअर ती हीच. आयर्लंडमध्येही रोमन लिपीत जवळपास असंच दिसणारं नाव आहे, पण ते इटालियनसारखं 'सी-एच'ने नाही, 'सी-आय'ने सुरू होतं, उच्चार 'कीरा' होतो, आणि मूळ 'किअर' म्हणजे काळा, सावळा. एक उजळ, एक सावळी. देवनागरीत लिहिलं की हा भेद दिसेनासा होतो, म्हणून स्पेलिंग ठरवताना तुम्हाला कुठली हवी ते ठरवावं लागेल. मला विचारशील तर सावळीवर माझा जीव अधिक आहे. द्रौपदीचं स्वतःचं नाव कृष्णा, आणि ते वर्णावरूनच.

'निकिता' आपल्याकडे मुलीचं नाव आहे आणि याद्या त्याचा अर्थ 'पृथ्वी' देतात. संस्कृतातला जवळचा शब्द निकेत, म्हणजे घर. पण रशियात निकिता हे पुरुषाचं नाव आहे, ग्रीक 'निकेतास' म्हणजे विजेता यावरून आलेलं. सोव्हिएत नेता निकिता ख्रुश्चेव्ह आठव. मिशाचंही तसंच, ते मिखाईलचं लाडाचं रूप. आपल्याला 'आ'कारान्त दिसलं की नाव बाईचं वाटतं, पण तो नियम संस्कृतचा आणि लॅटिनचा आहे, सगळ्या जगाचा नाही. जपानात कितीतरी मुलींची नावं 'को'ने संपतात: मिचिको, मासाको, आयको. 'को'च्या चिन्हाचा अर्थ मूल. तिथे नुसत्या उच्चारावरून अर्थ कळतच नाही. योको हे नाव एका चिन्हाने लिहिलं तर समुद्राचं मूल, दुसऱ्याने लिहिलं तर सूर्याचं.

'इरा'च्या बाबतीत भाषा शोधण्याचं महत्त्व फार चांगलं कळतं. संस्कृतात इरा म्हणजे पाणी, पेय, तजेला देणारा रस. पुढे पृथ्वी आणि वाणी हेही अर्थ आले. रशियात इरा हे इरिनाचं घरगुती रूप, मूळ ग्रीक इरीनी, शांती. हिब्रूत मात्र इरा पुरुषाचं नाव आहे, अर्थ जागरूक, आणि अमेरिकेत आजही इरा नावाचे पुरुष भेटतात. तिन्ही अर्थ खरे आहेत, फक्त ती तीन वेगळी नावं आहेत. 'आमच्या नातीचं नाव संस्कृत इरा' एवढं म्हटलं की पुरे. 'मीरा'चंही असंच. कोशात मीर म्हणजे समुद्र, लॅटिनमध्ये मीरा म्हणजे अद्भुत, स्लाव्ह भाषांत 'मीर' म्हणजे शांती. आपल्याकडे मात्र मीरा म्हटलं की मेडत्याची मीराबाई, तिथे कोशाची गरज नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. नाव स्त्रीलिंगी कसं झालंय ते बघा. संस्कृतात पुष्कळ स्त्रीनामं 'कोणाची' या प्रश्नाचं उत्तर देतात. इंद्राणी म्हणजे इंद्राची पत्नी. भवानी, शर्वाणी, रुद्राणी, मृडानी याच घडणीच्या, आणि पाणिनीने त्यांच्यासाठी वेगळं सूत्रच दिलंय. जानकी, वैदेही, मैथिली ही वडिलांवरून किंवा देशावरून आलेली. द्रौपदी द्रुपदाची, पार्वती पर्वताची. गांधारी, माद्री, कैकेयी, कौसल्या ही तर नुसती देशांची नावं. त्या बायकांना घरी काय हाक मारत होते ते कथा सांगत नाही. कुंतीसुद्धा कुंतिभोजाकडे वाढली म्हणून कुंती, तिचं मूळ नाव पृथा. रोममध्ये हे टोकाला गेलं होतं. मुलीला कुळाचंच स्त्रीलिंगी नाव मिळायचं. जूलियस कुळातली म्हणून सीझरची आत्या जूलिया, दोन्ही बहिणी जूलिया आणि मुलगीही जूलिया. बहिणींत फरक करायला थोरली आणि धाकटी.

भवानी, जानकी ही नावं ठेवू नयेत असं मी म्हणत नाही. भवानी म्हटलं की महाराष्ट्राला तुळजापूर दिसतं, भवाची, म्हणजे शंकराची, बायको कोणाला आठवत नाही. पण दोन नावं सारखीच आवडली, तर जे स्वतःच्या अर्थावर उभं आहे ते निवडा. सीता म्हणजे नांगराने पडलेली सरी. अहल्या म्हणजे न नांगरलेली. अपर्णा, जिने तपात पानसुद्धा खाल्लं नाही. हे अर्थ त्या बाईचे स्वतःचे आहेत. आणि आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहून मुलीचं जुनं नाव पुसायची रीत होती, अजून काही घरांत आहे. ज्या नावाला तिने वीस-पंचवीस वर्षं ओ दिली, ते एका दुपारी बदलणं मला कधीच पटलेलं नाही.

काही नावांत तर मुलीचा विचारच नसतो. चीनमध्ये झाओदी हे नाव मुलीला ठेवत, अर्थ 'धाकट्या भावाला बोलावणारी'. हरियाणात भतेरी, म्हणजे पुरे झाल्या. आपल्याकडे नकोशी, नकुसा. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात सरकारी कार्यक्रमात २८५ नकोशींना नवी नावं दिली गेली, आणि बऱ्याच जणींनी ती स्वतः निवडली. मुलीला रोज हाक मारताना आपण काय बोलत असतो, याचा विचार यादी करताना याच कारणाने करायचा.

पत्रिकेतलं अक्षर म्हणून गुरुजींनी काही सांगितलं असेल तर त्याचंही गणित समजून घे. २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे ४ चरण, म्हणून १०८ अक्षरं. अश्विनीला चू, चे, चो, ला. रोहिणीला ओ, वा, वी, वू. पण आर्द्रेच्या चार अक्षरांत ङ आहे, उत्तरा भाद्रपदेत ञ, हस्तात ण. या अक्षरांनी नाव सुरूच होत नाही. म्हणून पत्रिकेतलं जन्मनाव वेगळं आणि व्यवहारातलं वेगळं ठेवायची जुनी सोय आहे. अक्षरासाठी ओढूनताणून नाव शोधू नका. मनुस्मृतीत मुलीचं नाव उच्चारायला सोपं, स्पष्ट अर्थाचं आणि शेवटी दीर्घ असावं असं म्हटलंय, ते मला मान्य आहे. त्याच ग्रंथात नक्षत्र, झाड किंवा नदी यांचं नाव असलेल्या मुलीशी लग्न करू नये असंही आहे, ते महाराष्ट्राने कधीच मानलं नाही. रोहिणी, तुळसा, गोदावरी, कृष्णा घरोघरी नांदल्या.

लिहिण्याचा भाग कंटाळवाणा वाटेल, पण पुढचा त्रास तिथेच होतो. रोमन लिपीत 'ऋ' आपण आर-यू लिहितो, हिंदी भाषक आर-आय. त्यामुळे ऋतुजा पुण्यात एक आणि दिल्लीत दुसरी होते. 'ज्ञ'चे तर तीन प्रकार: मराठीत डी-एन-वाय, हिंदीत जी-वाय, संस्कृत अभ्यासकांत जे-एन. 'ळ' रोमनमध्ये नाहीच, म्हणून मंजुळा मंजुला होते. नावात यांपैकी काही असेल तर स्पेलिंग पहिल्याच दिवशी ठरवा आणि पुन्हा बदलू नका. कमल, सुमन, किरण ही नावं ठेवणार असाल तर उत्तरेत ती पुरुषांचीही असतात हे लक्षात असू दे.

जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण त्यात नाव असायलाच हवं असं नाही. नाव बारा महिन्यांपर्यंत शुल्काशिवाय आणि त्यानंतर विलंबशुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं. म्हणून रुग्णालयात फॉर्म भरताना घाईने काहीतरी लिहू नका, रकाना रिकामा ठेवा. एकदा नाव चढलं की लेखनातली चूक दुरुस्त होते, आवड बदलली म्हणून नाव बदलत नाही. मग राजपत्राची वाट धरावी लागते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळा, आधार, मतदारयादी, सगळीकडे जन्माचा दाखलाच लागतो, म्हणून त्यातलं अक्षर न् अक्षर तपासा. शिवाय १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव महाराष्ट्रात सरकारी कागदांवर चार भागांत येतं: बाळाचं, आईचं, वडिलांचं, मग आडनाव. म्हणून नाव एकटं वाचू नका. 'केतकी अनिरुद्ध' पुढे जोडून, आडनावासकट मोठ्याने म्हणून बघा. मागे इतकी मोठी नावं असताना पुढचं दोन-तीन अक्षरांचं असलेलं बरं.

माझं मत विचारलंस म्हणून सांगते: मुक्ता. मुक्ता म्हणजे मोती, आणि मुक्ता म्हणजे सुटलेली, मोकळी. दोन्ही अर्थ कोशातले, ओढून आणलेले नाहीत. ग्रीक 'मार्गारीतेस' म्हणजेही मोतीच. त्यावरून आलेल्या मार्गारेट, मार्गरिटा अर्ध्या जगात आहेत, त्यामुळे कुठेही गेली तरी तिला अर्थ सांगता येईल. त्यात कोणाची पत्नी नाही, कोणाची मुलगी नाही. आणि ज्ञानेश्वरांनी रागाने ताटी लावून घेतली तेव्हा त्यांना समजावणारी धाकटी बहीण मुक्ताबाई होती. एकच अडचण: रोमनमध्ये 'यू' बघून इंग्रजी बोलणारे 'मक्ता' म्हणतील. एकदा सांगितलं की कळतं त्यांना. केतकीला इरा अधिक आवडत असेल तर तीही मला तितकीच प्रिय, आणि निर्णय तिचा-तुझा.

ठरलं की देवनागरी आणि रोमन दोन्ही अक्षरांत लिहून पाठव. कानात नाव तुझी ताई सांगणार आहे, तिलाही आधीच कळव, म्हणजे ती गोविंद-गोपाळाची गाणी बसवून ठेवेल. केतकीला सांग, डिंकाचे लाडू सोमवारी पाठवतेय.

तुझी,
आई