दोन रकाने

ब्रेमेन, 17 मार्च 2026

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

परवाच्या रविवारी बाबांनी फोनवर नातवाला विचारले, की तुला तिकडे जास्त आवडते का इकडे, आणि त्याने क्षणभर थांबून "कशासाठी?" असा उलट प्रश्न केला. बाबा, तुम्ही हसलात. आई, तू मात्र गप्प झालीस आणि गॅसवर भाजी आहे असे सांगून आत गेलीस. पुण्यात तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. अडीच वाजता तुझ्या गॅसवर कधीच काही नसते, हे मला लग्नाआधीपासून ठाऊक आहे.

म्हणून हे पत्र लिहीत आहे. ओळखीच्या एक बाई शुक्रवारी पुण्याला निघाल्या आहेत, त्यांच्या हाती देईन. यात एक बातमी आहे आणि ती फोनवर सांगण्याचे धाडस मला दोन महिने झालेले नाही. परंतु आधी त्या "कशासाठी"बद्दल लिहिते, कारण ते वाचल्यावाचून बातमी नीट समजणार नाही.

तुमचा नातू आता चौथीत आहे. त्यांच्या वर्गात प्रत्येकाने आपल्या पसंतीच्या विषयावर उभे राहून पाच मिनिटे बोलायचे असते. त्याने "माझे दोन देश" हा विषय आपणहून घेतला, कागदाच्या मधोमध पट्टीने रेघ ओढली, डावीकडे भारत आणि उजवीकडे जर्मनी असे दोन रकाने केले आणि आठवडाभर त्यात काही ना काही भरत राहिला. ऊन, पाऊस, बर्फ, हॉर्नचे आवाज अशी शाळकरी यादी असेल या समजुतीने मी तो कागद हातात घेतला, तर पहिल्या ओळीत चक्क आकडे होते.

बाबा, हा भाग खास तुमच्यासाठी. जर्मन भाषेत त्रेचाळीस म्हणताना आधी तीन म्हणतात आणि मग चाळीस, "ड्रायउंडफिर्त्सिश". त्याच्या वर्गातल्या एका मुलाच्या घरी तुर्की बोलतात; तुर्कीत आधी चाळीस आणि मग तीन, त्यामुळे तो पहिल्या-दुसऱ्या इयत्तेत ऐकलेल्या 43चे 34 लिहून बसायचा. आपल्या पठ्ठ्याची मात्र कधी गल्लत झाली नाही, कारण त्रेचाळीस, चोपन्न, पासष्ट ही चाल त्याच्या कानात आधीच बसलेली होती. दोन्ही रकान्यांत त्याने "आधी एकक" असे लिहून मध्ये बरोबरचे चिन्ह काढले आहे. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" अशी संख्यावाचनाची नवी पद्धत आली, तेव्हा जोडाक्षरांच्या भीतीपोटी मुलांची भाषा मोडू नका म्हणून तुम्ही किती संतापला होता, ते मला आठवते. त्या वेळी मी मनात नव्या पद्धतीच्या बाजूने होते. आता तितकीशी नाही.

लिंगांचेही तसेच. हिंदी बोलणाऱ्या मैत्रिणीच्या मुलाला जर्मनमधले तिसरे लिंग फार छळते. याला तो, ती, ते सवयीचे असल्याने तीन आहेत याचे नवल वाटले नाही. जर्मन सूर्य "ती" असतो आणि जर्मन मुलगी व्याकरणात "ते" असते, एवढ्यावर तो थोडा अडला आणि मग म्हणाला, "आजी पण मला ते पोर म्हणते की."

पुढच्या ओळी मला इतक्या सोप्या गेल्या नाहीत. उजवीकडे लिहिले आहे: "मी एकटा सायकलवर शाळेत जातो." इथे चौथीत मुलांना रस्त्यावर नीट सायकल चालवायला शिकवतात, पोलीस येऊन त्यांची परीक्षा घेतात, आणि ती होऊन गेल्यावर तो स्वतःला जवळजवळ मोठा माणूस समजू लागला आहे. डावीकडे त्याच ओळीत आहे: "मला एकट्याला रस्ता ओलांडू देत नाहीत. पण मी न विचारता कोणाच्याही घरात जातो." गेल्या जुलैत तो तुमच्याकडे सहा आठवडे होता, तेव्हा आपल्या इमारतीतल्या कोणत्या मजल्यावर दुपारी काय शिजते हे त्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक झाले होते. इथे मित्राकडे खेळायला जायचे तर दोन्ही आयांनी आठवडाभर आधी दिवस आणि वेळ ठरवावी लागते, आणि न्यायला येण्याची वेळही त्यातच ठरते. मला ही पद्धत वाईट म्हणवत नाही. कोणाच्या दारात अवेळी उभे राहण्याचा संकोच तिने माझ्यापुरता संपवला. पण तो न विचारता आत जाण्याचे सुख एका वाक्यात लिहून गेला, आणि मी सतरा वर्षांत तुम्हाला लिहिलेल्या कोणत्याही पत्रात त्याचा उल्लेख नाही.

ब्रेमेनमधल्या रविवारबद्दल तुम्हाला सांगितलेले आहे. दुकाने बंद, भिंतीला ड्रिल लावायचे नाही, रिकाम्या काचेच्या बाटल्यासुद्धा रस्त्यावरच्या पेटीत टाकायच्या नाहीत, कारण फुटण्याचा आवाज होतो. रविवारच्या विश्रांतीला इथे राज्यघटनेचे संरक्षण आहे. 1919च्या घटनेतले ते कलम 1949च्या घटनेने जसेच्या तसे ठेवून घेतले. मी हे नेहमी कौतुकाने सांगत आले. त्याच्या कागदावर मात्र आवाजाच्या ओळीत देशांविषयी काहीच नाही. डावीकडे आहे, "आई मोठ्याने हसते." उजवीकडे, "आई हळू बोलते."

त्या ओळीखाली आणखी एक आहे. "आई विमानतळावर रडते. फक्त भारतातल्या."

मी तो कागद त्याला परत दिला आणि छान झाला आहे म्हणाले. दुसरे काय म्हणणार होते? नऊ वर्षांच्या मुलाने दोन देशांची तुलना करायला घेतली आणि त्याच्या हाती आईच लागली, हे त्याला समजावून सांगण्याचे कारण नव्हते. मला मात्र त्या रात्री कळले, की मी इतकी वर्षे जी तुलना करत होते तो एक प्रकारचा हिशेब होता. तुमच्याशी बोलताना मी इथल्या वेळेवर येणाऱ्या ट्राम, स्वच्छ पाणी, मुलाच्या शाळेला न लागणारी फी एवढेच सांगायचे, म्हणजे माझे येणे चुकले नाही हे तुम्हाला पटावे. इथल्या लोकांपुढे मी आपली भरलेली घरे आणि सणवार सांगायचे, म्हणजे मी काही गमावून आलेली बिचारी बाई नाही हे त्यांना पटावे. दोन्हीकडे खरे सांगितले, पण दोन्हीकडे अर्धेच सांगितले. डिसेंबरात इथे चार-साडेचारला अंधार पडतो आणि त्या दिवसांत मला नीट झोप लागत नाही, हे तुम्हाला कधी सांगितले नाही. मी पुण्यात आले की चौथ्या दिवसापासून आवाजाने माझे डोके दुखू लागते, हेही नाही. आई, तुला ते दिसत असणारच. तू न बोलता खिडकी लावून घेतेस.

आता म्हातारपणाची ओळ, जी लिहावी की नाही याचा मी दोन दिवस विचार केला. आमच्या खालच्या मजल्यावर ऐंशी उलटलेल्या एक बाई एकट्या राहतात. चाकांचे वॉकर घेऊन त्या रोज बाहेर पडतात, ट्राम फलाटाच्या पातळीला असल्यामुळे कोणाच्या मदतीवाचून आत शिरतात आणि बाजार करून येतात. 1995पासून इथे आजारी-वृद्धांच्या शुश्रूषेचा सक्तीचा विमा आहे. सगळ्यांच्या पगारातून त्याचे पैसे कापले जातात आणि त्यातून त्यांच्याकडे सकाळी एक परिचारिका येते, मोज्यांपासून औषधांपर्यंत सगळे करून वीस मिनिटांत निघून जाते. नातवाने लिहिले आहे: "आजोबांना रस्त्यावर चालता येत नाही, कारण फूटपाथवर गाड्या असतात, पण त्यांच्याकडे सारखे कोणीतरी येते. खालच्या आजी कुठेही जाऊ शकतात, पण त्यांच्याकडे कोणी येत नाही." बाबा, तुमच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी मी नवव्या दिवशी पोहोचले आणि तोवर शेजारच्यांनी रात्री वाटून घेतल्या होत्या. त्यांचे आभार मी मानले, पण त्यांच्याशी नजर मिळवणे मला जमले नाही.

इथल्या नगरभवनाच्या बाजूला गाढव, कुत्रा, मांजर आणि कोंबडा एकावर एक उभे असलेला एक पुतळा आहे, 1953 सालचा. तुम्ही आला होता तेव्हा बाबांनी गाढवाचे पुढचे पाय दोन्ही हातांनी धरून इच्छा मागितली होती, कारण एका हाताने धरले तर एक गाढव दुसऱ्याशी हस्तांदोलन करते असे इथले लोक म्हणतात. गोष्ट अशी, की म्हातारे झाले म्हणून मालकांना नकोसे झालेले हे चार प्राणी ब्रेमेनला जाऊन गाणे-बजावणे करायचे ठरवतात. तेव्हा मी तुम्हाला एक सांगितले नव्हते. गोष्टीत ते ब्रेमेनला पोहोचतच नाहीत, वाटेतल्या एका घरात राहून जातात. नातवाला हे ठाऊक आहे आणि त्याला त्यात काही दुःखाचे वाटत नाही. चौघे एकत्र आहेत ना, असे तो म्हणतो.

आता बातमी. जानेवारीत मी जर्मन नागरिकत्वासाठी अर्ज केला आहे. त्यासाठीच्या परीक्षेत 33 प्रश्न असतात आणि 17 बरोबर आले की पुरते; मला 32 आले, चुकलेला कोणता ते बाबांनी कृपया विचारू नये. 27 जून 2024पासून जर्मनीच्या बाजूने दोन नागरिकत्वांना हरकत राहिलेली नाही. हरकत आपल्या बाजूने आहे. राज्यघटनेचे नववे कलम आणि 1955चा नागरिकत्व कायदा यांनुसार स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे आपोआप संपते. मग हांबुर्गच्या भारतीय वाणिज्य दूतावासात पासपोर्ट जमा करायचा आणि ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचे, कार्ड घ्यायचे, जे तुमच्या नातवाकडे आधीपासून आहे. त्या कार्डावर मला व्हिसावाचून केव्हाही येता येईल आणि हवे तितके राहता येईल. मत देता येणार नाही आणि शेतजमीन विकत घेता येणार नाही.

मत हेच माझे कारण आहे. भारतात परदेशस्थ नागरिकाला मतदानासाठी स्वतः केंद्रावर हजर राहावे लागते, आणि मला ते एकदाही जमलेले नाही. इथे कर भरते, पण मत नाही. या राज्याच्या विधिमंडळासाठी सोळाव्या वर्षी मताधिकार मिळतो, पुढच्या वर्षी निवडणूक आहे, आणि मतपेटीकडे निघालेल्या मुलाला दाराशी निरोप देणारी आई होण्याची माझी इच्छा नाही. बाबा, तुम्ही पावसातसुद्धा मतदान चुकवत नाही. निदान हे कारण तुम्हाला पटेल असे वाटते.

जे मला स्वतःला पटवता येत नाही तेही लिहिते. आपल्या पासपोर्टाच्या शेवटच्या पानावर तुम्हा दोघांची नावे आणि पुण्याच्या घराचा पत्ता छापलेला आहे. जर्मन पासपोर्टात आई-वडिलांचे नाव कुठेच नसते. रद्द केल्याचा शिक्का मारून जुनी पुस्तिका परत देतात, असे समजते. दिली, तर ती मी तुमच्याकडे घेऊन येईन. आई, तुझ्या कपाटातल्या कागदपत्रांच्या डब्यात माझ्या जन्मदाखल्याशेजारी ती राहील.

नातवाला मी हे सांगितले तेव्हा त्याने फक्त एवढेच विचारले, की मग विमानतळावर आपण आता एकाच रांगेत उभे राहणार ना. दोन्ही विमानतळांवर, मी म्हणाले. त्याने ते लगेच दोन्ही रकान्यांत लिहिले.

जुलैत आम्ही येतो आहोत. गणपती याही वर्षी चुकेल, कारण त्याची शाळा ऑगस्टच्या मध्यावर सुरू होते आणि शाळा बुडवून सुट्टी वाढवू देत नाहीत. या वेळी पुन्हा एकदा त्याला औंधच्या ब्रेमेन चौकात न्यावे लागेल. पाटी वाचून तो मागच्या वेळी इतका खूश झाला होता, की बसमधल्या सगळ्यांना आपण तिथूनच आल्याचे त्याने सांगितले.

जाता जाता, 29 मार्चला इथली घड्याळे एक तास पुढे जातात, म्हणून त्या रविवारपासून आमचे सकाळचे दहा म्हणजे तुमचे दीड. बाबांचे जेवण होत नसेल तर आम्ही अकराला फोन करू. त्या दिवशी तुमच्याकडून एक उत्तर हवे आहे. जर्मनमध्ये 29 म्हणजे सरळ नऊ आणि वीस. मग आपणच तिसातून एक कमी करून एकोणतीस का म्हणतो, हे मला त्याला सांगता आले नाही. दोन्ही रकान्यांतली तेवढी एक जागा त्याने तुमच्यासाठी कोरी ठेवली आहे.

तुमची,
लेक