तीन पाऊण सव्वादोन

नेरुळ, 27 जानेवारी

प्रिय सुध्या,

चार महिने पत्र नाही, फोन नाही, कबूल. शिव्या साठवून ठेव, भेटलो की एकदम घाल. आईचं बीपी ठीक, माझी कंबर जिथे होती तिथेच आहे. आज लिहायला बसलोय ते वेगळ्याच कारणाने, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला सांगायची सोय नाही.

दादा टोरांटोहून आलाय. बॅगा टेकवल्या आणि म्हणाला, "नंदू, मला रेवदंड्याची ती जागा दाखव." कुठली जागा, हे मी विचारलंच नाही. आत्ता तुझ्या पोटात जसा गोळा आला असेल तसाच माझ्या आला.

काल सुट्टी होती म्हणून सहाला निघालो. त्याला अटल सेतूवरून जायचं होतं. म्हटलं, अरे, नेरुळहून रेवदंड्याला जायला शिवडी गाठायची? 21.8 किलोमीटरचा पूल काय पळून जातोय? तर रुसला. साठी उलटली तरी रुसतो. पेणला मिसळ खाऊन (घाम पुसत पुसत म्हणतो, "तिखट नाही फारशी") वडखळला तासभर अडकलो. हो, तोच वडखळ नाका, जिथे तुझ्या एलएमएलचं पेट्रोल संपलं होतं. ते मी भरलं होतं, सुध्या. पन्नासाचं. तू काहीही म्हण.

कार्लेखिंड उतरली, अलिबाग मागे पडलं, आणि चौलच्या नारळी-पोफळी सुरू झाल्या तसा दादा गप्प झाला. त्याआधी लेक ओंटारिओ कसं अगदी समुद्रासारखं, हे चालू होतं. मी विचारलं, "त्याला भरती येते का?" तिथूनच गप्प झाला असावा.

रेवदंड्याच्या किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ: अष्टमी, म्हणजे आठ पाऊण सहा, संध्याकाळी सहाला भरती. भांगाचं, म्हणजे कमी चढ-उताराचं, पाणी असलं तरी ओहोटी चांगलीच लागली होती. किल्ल्याच्या तटाजवळ उभं राहून मी हात केला, "इथेच." बोट दाखवलं तिथे ओली वाळू, आणि तिच्यावर एक कुत्रा झोपलेला.

"इथे पाणी कुठंय?"

"तेव्हा भरती होती," मी म्हणालो. असा पटकन म्हणालो की माझं मलाच नवल वाटलं.

तो कुत्र्याकडे बघत राहिला. मग बोटांवर मोजायला लागला. बाबा हनुमान जयंतीला गेले. तिसऱ्या दिवशी अस्थी, म्हणजे तृतीया. "तीन पाऊण सव्वादोन," तो पुटपुटला. अरे, बाबांनी आम्हा दोघांना पाऊणकी पाठ करायला लावली ती याचसाठी. सव्वादोनला भरती, म्हणजे सकाळी आठला पूर्ण ओहोटी. आणि 2021 मध्ये फोनवर मी त्याला काय सांगितलं होतं? "आठ वाजता सगळं नीट झालं."

तो काहीच बोलला नाही. चप्पल काढली, हात जोडले, आणि खिशातून औषधाची रिकामी डबी काढून तिच्यात वाळू भरली. म्हणाला, "देव्हाऱ्यात ठेवीन. पोरांना दाखवायला."

पुढे साळावचा पूल, कोर्लईचा डोंगर, काशीदचे सुरू, लांबून जंजिरा, सगळं बघितलं. दादाने फोटो काढले. मला गाडीत त्या डबीखेरीज काही दिसत नव्हतं.

त्या संध्याकाळी वाशीच्या पुलाखाली तू म्हणालास ते मी धरून बसलोय, की खाडीचं पाणी शेवटी समुद्रालाच जातं. तुला तोंडाला रुमाल बांधून उभं राहावं लागलं होतं, तरी तत्त्वज्ञान सुचत होतं! पण एक गोष्ट तुलाही सांगितली नाही. लॉकडाऊनमधला तो ई-पास आला होता, सुध्या. दुसऱ्या दिवशी सकाळी. एक रात्र थांबलो असतो तर जाता आलं असतं. मला अंगात कणकण होती, घरात आई होती, आणि तो कलश बाल्कनीत टांगलेला मला बघवत नव्हता. ई-पास नाही, हे फक्त सांगायला बरं होतं. खरं म्हणजे मी भ्यालो होतो.

आता सांगू का त्याला? सांगितलं तर ती डबी तो काय करेल? नाही सांगितलं तर कुत्र्याखालची वाळू टोरांटोच्या देव्हाऱ्यात जाईल आणि माझ्या पुतण्या तिला नमस्कार करतील.

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी? मनूला बारावीसाठी शुभेच्छा दे, वहिनींना नमस्कार. कोल्हापूरला उन्हाळ्यात येईन म्हणतो, नेहमीसारखंच.

खरं विचारायचं ते आता. रात्री परत येताना, पाम बीच रोडवर, दादा एकदम म्हणाला, "शनिवारी वाशीच्या खाडीवर जाऊ. फ्लेमिंगो बघायला." फ्लेमिंगो? ज्याला कावळा आणि कोकीळ यातला फरक कळत नाही तो?

तू त्याच्याशी बोललास का? फोनवर सांगू नकोस, आई शेजारीच असते. मिस्ड कॉल दे. बोलला असशील तर एक, नसशील तर दोन. शनिवारच्या आत.

तुझा,
नंदू