आघाडीची जागा आपल्या मुलांना कधी मिळणार?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

भारतीय फुटबॉलचा विषय निघाला की हल्ली सगळी चर्चा एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते : भारताकडून सर्वाधिक गोल करणाऱ्या सुनील छेत्रीनंतर कोण? मी कोल्हापुरात गेली अनेक वर्षे शाळकरी मुलांना फुटबॉल शिकवतो आणि हा प्रश्न मलाही पालकांपासून पत्रकारांपर्यंत अनेकांनी विचारला आहे. मला मात्र वाटते की, हा प्रश्नच आपण चुकीच्या टोकाने धरला आहे. छेत्रीची सारी कारकीर्द नीट डोळ्यांखालून घातली, तर असा फॉरवर्ड, म्हणजे सगळ्यांत पुढे राहून गोल करणारा खेळाडू, कुठे सापडेल यापेक्षा आपण त्याला आघाडीला उभे तरी राहू देतो का, हे आधी विचारावे लागेल. त्यासाठी हे पत्र.

६ जून २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर कुवेतविरुद्धचा सामना गोलशून्य बरोबरीत सुटला आणि छेत्रीने आंतरराष्ट्रीय फुटबॉलचा निरोप घेतला. तेव्हा त्याच्या नावावर १५१ सामन्यांत ९४ गोल होते. आंतरराष्ट्रीय गोलांच्या यादीत त्याच्या पुढे फक्त रोनाल्डो, मेस्सी आणि इराणचा अली दाई एवढेच होते. त्यानंतर जेमतेम नऊ महिने गेले आणि मार्च २०२५ मध्ये, वयाच्या चाळिशीत, त्याला पुन्हा भारताची जर्सी घालावी लागली, कारण आशियाई चषकाच्या पात्रता सामन्यांत गोल करील असा भरवशाचा माणूस प्रशिक्षकांना दिसत नव्हता. शिलाँगला मालदीवविरुद्ध आपण ३-० असे जिंकलो आणि त्यातला एक गोल त्याचाच, पंच्याण्णवावा. पण एक माणूस किती दिवस पुरणार? बांगलादेशाशी गोलशून्य बरोबरी, हाँगकाँगमध्ये हार आणि अखेर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर, आपल्या छांगतेने आधी आघाडी मिळवून दिलेली असतानाही, सिंगापूरकडून १-२ असा पराभव. २०२७ च्या आशियाई चषकाचे दार तिथेच बंद झाले. दीडशे कोटींच्या देशाला निवृत्त झालेला फॉरवर्ड परत बोलवावा लागतो, ही गोष्ट त्याच्या मोठेपणाची आहेच. पण आपल्या व्यवस्थेची ती लाज आहे, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

आता हा खेळाडू घडला कसा, ते पाहू. सैन्यात नोकरी करणाऱ्या वडिलांच्या घरी, ३ ऑगस्ट १९८४ रोजी सिकंदराबादला त्याचा जन्म झाला. आई आणि तिची जुळी बहीण या दोघीही नेपाळच्या महिला संघाकडून खेळलेल्या. दिल्लीत शालेय फुटबॉल खेळत असताना २००२ मध्ये कोलकात्याच्या मोहन बागान क्लबने त्याला उचलले, तेव्हा तो अजून अठराचाही नव्हता. तिथे पुढच्या फळीत ब्राझीलचा बरेटो होता; त्याच्यासारख्या कसलेल्या खेळाडूच्या शेजारी शिकायला पुष्कळ मिळत असले, तरी शिकणे वेगळे आणि आठवड्यामागून आठवडे पहिल्या अकरांत उतरून स्वतःच्या पायाने गोल चुकवणे आणि करणे वेगळे. ती संधी त्याला खऱ्या अर्थाने दिली पंजाबातल्या फगवाड्याच्या जेसीटी क्लबने, २००५ पासून तीन हंगाम. त्याच वर्षी १२ जूनला क्वेट्टा येथे पाकिस्तानविरुद्ध तो भारताकडून पहिल्यांदा उतरला आणि पहिल्याच सामन्यात त्याने गोल केला.

पुढचे अनेकांना ठाऊक आहे. १३ ऑगस्ट २००८ रोजी दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर एएफसी चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात ताजिकिस्तानविरुद्ध त्याने हॅटट्रिक केली, आपण ४-१ असे जिंकलो आणि त्या विजयामुळेच २०११ च्या आशियाई चषकात भारताला खेळायला मिळाले. पण त्याच्या वाटचालीतल्या ज्या टप्प्याबद्दल फारसे बोलले जात नाही, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. २००९ मध्ये लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सने त्याला घ्यायचे ठरवले होते. मात्र भारत जागतिक क्रमवारीत पहिल्या सत्तरांत नसल्याने इंग्लंडमध्ये त्याला काम करण्याचा परवानाच मिळाला नाही. म्हणजे खेळाडू पात्र ठरला आणि देशाचा क्रमांक आडवा आला. दुसरा कोणी असता तर खचला असता. हा गोव्यात धेंपो क्लबकडे गेला आणि त्या हंगामात धेंपोने आय-लीग, म्हणजे देशातली तेव्हाची प्रमुख लीग, जिंकली. नंतर अमेरिकेत कॅन्सस सिटीकडे आणि २०१२ मध्ये पोर्तुगालच्या स्पोर्टिंगच्या ब संघाकडे त्याने नशीब आजमावले. दोन्ही ठिकाणी फारसे खेळायला मिळाले नाही, तेव्हा तो परत आला आणि २०१३ मध्ये नव्याने उभ्या राहिलेल्या बंगळुरू एफसीचा कणा बनला. या सगळ्या भटकंतीत त्याने एक गोष्ट कधी सोडली नाही : जिथे खेळायला मिळेल तिथे जायचे. नावापेक्षा मैदानावरची मिनिटे त्याने मोठी मानली. माझ्या मुलांना मी हेच सांगत आलो आहे.

मी त्याला जवळून पाहिले ते २०१८ मध्ये, अंधेरीत. १ जूनला मुंबई फुटबॉल अरेनामध्ये इंटरकॉन्टिनेंटल कप स्पर्धेत चायनीज तैपेईविरुद्ध भारत ५-० असा जिंकला, छेत्रीने हॅटट्रिक केली आणि ते पाहायला जेमतेम अडीच हजार माणसे होती. दुसऱ्या दिवशी त्याने हात जोडून केलेले आवाहन घराघरांत पोहोचले : आमच्यावर टीका करा, हवे तर शिव्या द्या, पण मैदानावर येऊन द्या. शाळांना उन्हाळ्याची सुट्टी होती. आम्ही तीन मोठे आणि सात मुले, तिकिटांची कशीबशी जुळवाजुळव करून, ३ तारखेच्या रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसलो. ४ जूनचा केनियाविरुद्धचा सामना त्याचा शंभरावा होता. त्या रात्री मुंबईत पावसाने नुसते झोडपून काढले. मैदानावर पाण्याची तळी साचली होती, जमिनीवरून दिलेला पास मध्येच अडकून पडत होता आणि तरीही स्टेडियममध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती.

आमची जागा गोलच्या मागच्या बाजूला होती. पूर्वार्धात काहीच घडले नाही, म्हणून मी मुलांना चेंडूवरची नजर काढून फक्त अकरा नंबरच्या छेत्रीकडे बघायला सांगितले. तो सतत मान वळवून मागे बघत होता. बचावपटूच्या खांद्याला खांदा लावून उभा राहायचा, दोन पावले आपल्या गोलच्या दिशेने यायचा आणि बचावपटू त्याच्यामागे ओढला गेला की त्याच्या पाठीमागून डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीत, घुसायचा. दहांतल्या आठ वेळा त्याला चेंडू मिळत नव्हता, तरी नवव्या वेळी तो तशीच धाव घेत होता. उत्तरार्धात त्याने पेनल्टीवर गोल केला, लगेच त्याचा सहकारी जेजेने दुसरा केला आणि अगदी शेवटच्या मिनिटांत, चिखलात पाय रुतत असताना, पुढे आलेल्या गोलकीपरच्या डोक्यावरून त्याने चेंडू असा अलगद उचलून टाकला की तो जाळ्यात पडेपर्यंत आमच्यातल्या एका मुलाने श्वास रोखून धरला होता. सामना ३-० असा संपला. परतीच्या गाडीत ती पोरे त्या अलगद उचललेल्या गोलबद्दल कमी आणि त्या वाया गेलेल्या धावांबद्दल जास्त बोलत होती, याचे मला आजही समाधान आहे. त्या स्पर्धेत छेत्रीने एकूण आठ गोल केले आणि अंतिम सामन्यातले दोन्ही गोल त्याचेच होते.

त्या सातांतला एक मुलगा जातिवंत फॉरवर्ड होता. उंची बेताची, पण डीमध्ये चेंडू कुठे पडणार हे त्याला इतरांच्या आधी कळायचे. शालेय स्पर्धांत त्याने गोलांचा पाऊस पाडला आणि पुढे आमच्याच शहरातल्या एका नावाजलेल्या संघाने त्याला घेतले. त्या संघाने हंगामासाठी बाहेरून एक धिप्पाड आफ्रिकी फॉरवर्ड आणला होता. दोन हंगाम माझा मुलगा राखीव खेळाडूंत बसून राहिला. तिसऱ्या वर्षी त्याला राइट बॅकला, म्हणजे बचावाच्या उजव्या बाजूला, उभे केले, कारण धावायला चांगला होता. आज तो राइट बॅकच खेळतो आणि बरा खेळतो. पण गेल्या वर्षी सरावाला आला असता डीमध्ये समोर आलेला चेंडू त्याने मारण्याऐवजी थांबवून शेजाऱ्याला दिला, तेव्हा माझ्या काळजात चर्र झाले. ती सवय त्याची नव्हती, ती आम्ही त्याला लावली.

पेठेत जे घडते, तेच मोठ्या प्रमाणावर देशात घडते आहे. इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा मैदानावर एका वेळी सहा परदेशी खेळाडू उतरवता येत होते. २०१७ पासून पाच आणि २०२१-२२ पासून चार अशी ती संख्या घटली, हे स्वागतार्हच आहे. पण हे चारजण कुठे खेळतात? एक बचावाच्या मध्यभागी, एक मधल्या फळीत आणि हटकून एक सगळ्यांत पुढे. पैसा मोजून गोल विकत घेणे हा क्लबांच्या दृष्टीने सरळ हिशेब आहे आणि प्रत्येक सामन्यागणिक ज्याची नोकरी टांगणीला लागलेली असते, त्या प्रशिक्षकाला मी दोष देणार नाही. परिणाम मात्र डोळ्यांसमोर आहे. पहिल्या अकरा हंगामांत, म्हणजे २०२४-२५ पर्यंत, सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट एकदाही भारतीय खेळाडूला मिळालेला नाही. मनवीर सिंग हा अंगापिंडाने आणि हवेतल्या चेंडूवरच्या ताकदीने अस्सल सेंटर फॉरवर्ड. पण मोहन बागानमध्ये तो उजव्या विंगेवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, खेळत आला आहे, कारण मधली जागा परदेशी खेळाडूची. इतकेच काय, खुद्द छेत्रीलासुद्धा बंगळुरूमध्ये व्हेनेझुएलाचा मिकू आल्यावर डाव्या बाजूला सरकावे लागले होते. त्याने तिथूनही गोल केले, कारण तोवर त्याच्या गाठीला दीड दशकाचा अनुभव होता. वीस वर्षांच्या मुलाने काय करावे? क्लबमध्ये वर्षभर विंगेवरून क्रॉस टाकायचे आणि देशाकडून खेळताना मात्र अचानक डीमध्ये उभे राहून गोल करायचे, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

आणि २०२४-२५ च्या त्याच लीगमध्ये भारतीय खेळाडूंत सर्वांत जास्त गोल कोणी केले? चाळीस वर्षांच्या छेत्रीने, चौदा. हा आकडा वाचून मला एकाच वेळी अभिमानही वाटला आणि धसकाही बसला.

माझा परदेशी खेळाडूंना विरोध नाही, हे मी मुद्दाम नोंदवतो. बरेटोच्या शेजारी उभे राहून एक अख्खी पिढी शिकली. पण ज्या स्पर्धांत गुणतक्त्याचा आणि पैशाचा ताण कमी असतो, तिथे तरी आघाडीची जागा भारतीय मुलांसाठी राखून ठेवता येईल. संतोष करंडकात फक्त भारतीय खेळाडूच उतरतात. ती स्पर्धा उरकून टाकायची बाब न समजता तिचे सामने वाढवावेत. ड्युरँड आणि सुपर कप यांसारख्या स्पर्धांत प्रत्येक संघाने निदान एक तेवीस वर्षांखालील भारतीय फॉरवर्ड पूर्ण सामनाभर, आणि आघाडीलाच, खेळवावा असा नियम भारतीय फुटबॉल महासंघाने करून पाहावा. क्लब नियमातून पळवाट काढतील, मुलाला कागदावर फॉरवर्ड दाखवून विंगेला पाठवतील, ही शंका मला आहे. तरीसुद्धा आज जे मिळते त्यापेक्षा ते अधिकच असेल. आधी लीग वेळेवर आणि सलग व्हायला हवी, हे तर वेगळे सांगायला नको. लीग चालवण्याच्या हक्कांच्या करारावरून जुलै २०२५ मध्ये सुपर लीगच लांबणीवर पडली, तेव्हा सर्वांत मोठे नुकसान नुकत्याच पायावर उभ्या राहत असलेल्या या मुलांचे झाले.

आपल्या राज्यापुरते बोलायचे तर कोल्हापूरला फुटबॉलवेड कोणी शिकवायची गरज नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस या संघांच्या सामन्यांना राजर्षी शाहू स्टेडियमवर जी गर्दी होते, तिचा हेवा देशातल्या अनेक व्यावसायिक क्लबांना वाटावा. याच शहरातला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून आघाडीला खेळला. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत त्याला कोवळ्या वयात त्याच्या जागेवर खेळायला मिळाले, म्हणून ते शक्य झाले. आमच्या पेठांतल्या संघांना माझी हात जोडून विनंती आहे की, येत्या हंगामात बाहेरचा खेळाडू आणायचाच असेल तर तो बचावाला किंवा मधल्या फळीला आणा आणि पुढे पेठेतला मुलगा उभा करा. तो पाच सोप्या संधी चुकवील, प्रेक्षागृहातून त्याच्या नावाने ओरडा होईल, पैजा हरलेले समर्थक रागावतील. तरी त्याला सहाव्या वेळी डीमध्ये जाऊ द्या. आपल्या दैनिकाच्या स्थानिक क्रीडापानावर गोल करणाऱ्याच्या नावासोबत तो कोणत्या जागेवर किती मिनिटे खेळला, एवढी नोंद छापली गेली, तर कोणता संघ काय करतो आहे हे वाचकांनाही समजेल. माझ्याकडच्या बारा ते सोळा वयाच्या मुलांच्या सामन्यांची तशी वही मी गेल्या पावसाळ्यापासून ठेवतो आहे आणि आपल्या वार्ताहरांना ती केव्हाही पाहता येईल.

आपला विश्वासू,
एक फुटबॉल प्रशिक्षक,
कोल्हापूर