प्राध्यापकाला त्याचा स्वतःचा पेपर कधी दाखवणार?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

निकाल लागला की आमच्या कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानावर पोरांची गर्दी होते. ज्याला मार्क कमी वाटले तो उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागतो, रिव्हॅल्युएशनचा फॉर्म भरतो आणि पेपर दुसऱ्याच मास्तरकडं जातो. स्वतःची उत्तरपत्रिका बघायचा हक्क विद्यार्थ्याला माहिती अधिकारात आहे हे २०११ ला सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय, आणि लई चांगलं झालं, मी असे पेपर परत तपासलेत आणि चुका निघाल्यात. मग हेच पेपर तपासणाऱ्या कायम प्राध्यापकाच्या कामाचं मूल्यमापन होतं तेव्हा त्याला त्याचा कागद का दाखवत नाहीत, आणि त्यानं अपील केलं तर ते दुसऱ्या माणसाकडं का जात नाही, एवढंच मला विचारायचंय.

आमच्या डिपार्टमेंटच्या एका मॅडमचं सांगतो, कॉलेजचं आणि विद्यापीठाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मॅडमची पीएचडी झालेली, चार वर्षं पूर्ण, पगाराच्या लेव्हल १० वरून ११ ला जायचं होतं, म्हणजे कॅसची (करिअर अ‍ॅडव्हान्समेंट स्कीम, प्राध्यापकांच्या प्रमोशनची योजना) पहिली पायरी. चार बोटं जाडीची बॉक्स फाईल केली, प्रत्येक झेरॉक्सवर प्राचार्यांची सही-शिक्का. उत्तर आलं ते एका ओळीचं, 'निकष पूर्ण होत नसल्याने शिफारस करता येत नाही'. कोणता निकष, कोणत्या वर्षाचा, काहीच नाही. शेवटी माहिती अधिकारात अर्ज टाकला तेव्हा दोन महिन्यांनी एक तक्ता हातात पडला. त्यात एका वर्षासमोर पेननं लिहिलेलं, नेमून दिलेले तास ४८०, घेतलेले ३१८, टक्के ६६.२५, म्हणजे सत्तरच्या खाली, म्हणून शेरा असमाधानकारक.

आता त्या वर्षी मॅडम बाळंतपणाच्या रजेवर होत्या. रजेच्या काळातले तास होतात १५०. ते वजा करा, राहिले ३३०, त्यातले ३१८ घेतले म्हणजे ९६ टक्के झाले की! यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८ च्या नियमात स्पष्ट लिहिलंय की बाळंतपणाची रजा, मेडिकल रजा, अभ्यास रजा असा काळ ग्रेड काढताना वगळायचा आणि उरलेल्या काळावरून ग्रेड धरायची. आणि शिकवण्यात ८० टक्के किंवा वर असलं की 'चांगले'. नंतर एका वर्षी मॅडमचं ऑपरेशन झालं, तिथंबी मेडिकल रजेचे तास तसेच मोजलेले. चारपैकी तीन वर्षं तरी समाधानकारक लागतात, यांची दोन गेली, विषय संपला.

वजाबाकीची चूक आहे ही, पंधरा मिनिटांत दुरुस्त व्हायला पाहिजे होती. मॅडमनी अपील दिलं, सोबत रजेचे आदेश जोडले. ते अपील ज्यांनी तक्ता केला त्यांच्याकडंच अभिप्रायाला गेलं आणि अभिप्राय आला की पूर्वीचा निर्णय योग्य आहे. हिशेब परत कुणी केलाच नाही, केला असता तर आकडा बदललाच असता.

बरं पुढं जावं तर कुठं? २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात ट्रिब्युनल आहे, पण ते नोकरीतून काढलं, पदावनत केलं अशा गोष्टींसाठी. शेरा चुकीचा दिला, प्रमोशन अडवलं, हे तक्रार निवारण समितीकडं जातं, आणि तिची बैठक कधी लागेल त्याची वाट बघत बसायचं. त्यानंतर राहतं हायकोर्टाचं खंडपीठ. १९८१ ला संभाजीनगरला खंडपीठ आलं ते मराठवाड्याच्या माणसाला मुंबईला खेटे घालायला लागू नयेत म्हणून, पण रजेचे तास वजा करा एवढं सांगायला हायकोर्टात जावं लागतंय, वकिलाची फी, तारखा, हे काय बरोबर नाही.

वेळ गेला तर जाऊ द्या असं काहीजण म्हणायलेत, त्यांना नियम माहीत नाही. पहिल्या वेळी पास झालात तर प्रमोशन पात्र झाल्या तारखेपासून मिळतं, पण नापास होऊन नंतर पास झालात तर ज्या तारखेला पास झालात तिथून धरतात. म्हणजे मधला काळ कायमचा गेला, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या तेवढ्या मागं सरकल्या.

प्रमोशनच्या फायली तपासणाऱ्या कमिटीवर बसणाऱ्यांवर माझा राग नाही. मी स्वतः सब्जेक्ट एक्सपर्ट म्हणून बसलोय, कॅम्पमध्ये फायलींचा गठ्ठा समोर येतो, संध्याकाळच्या गाडीनं परत निघायचं असतं, चूक होते. आणि तासावर न जाणारे प्राध्यापकबी आहेत, त्यांना असमाधानकारक शेरा मिळालाच पाहिजे, अपिलातबी तो टिकला पाहिजे. पण शेरा ज्यानं दिला त्यालाच अपील विचारलं तर कामचुकार आणि काम करणारा यातला फरक कळणार कसा?

२००८ ला देव दत्त म्हणून बॉर्डर रोड्सच्या एका इंजिनिअरच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की गोपनीय अहवालातला प्रत्येक शेरा, चांगला असो वाईट असो, कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, नाहीतर तो दाद मागणार कशाच्या आधारावर. २०१३ ला तीन न्यायमूर्तींच्या बेंचनं तेच कायम केलं. तेव्हा नकाराच्या पत्रासोबतच हिशेबाचा तक्ता द्या, तो करणारा माणूस अपिलात नको, आणि निकाल पुढचं वर्ष सुरू व्हायच्या आत लावा. याला नवीन कायदा लागत नाही, कुलगुरूंचं एक परिपत्रक पुरे आहे, आणि मराठवाड्यातल्या सगळ्या प्राध्यापक संघटनांनी त्यासाठी एकत्र निवेदन द्यावं अशी माझी विनंती आहे.

मॅडमची फाईल पुढच्या महिन्यात परत द्यायचीय. रजेचे दोन्ही आदेश यावेळी आम्ही अगदी पहिल्या पानाला लावलेत, आणि त्याखाली वजाबाकी करून ठेवलीय.

आपला,
एक सहयोगी प्राध्यापक, मराठवाडा
(कृपया नाव छापू नये)