त्या कॅसेट किलोवर देऊ नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ई-कचरा गोळा करण्याच्या मोहिमेची बातमी आपल्या अंकात वाचली. घरातले बंद टीव्ही, मिक्सर, मोबाइल, संगणक आणून द्या, असं त्यात आवाहन आहे. मोहीम हवीच होती. गावाबाहेर वायरींची वेटोळी पेटवून तांबं काढतात, तो काळा धूर मी ड्युटीवर जाता-येता बघतो. मोहीम चालवणाऱ्यांकडे माझं एकच मागणं आहे. जिथे वजन करून माल टेम्पोत टाकणार, तिथे एक टेबल बाजूला मांडा. १९८०च्या दशकातला घरगुती संगणक आला, त्याच्याबरोबरच्या कॅसेट आल्या, तर त्या टेबलावर ठेवा. कुणीतरी जाणकार पाहीपर्यंत त्यांना हात लावू नका.

असं का म्हणतो, ते सांगायला थोडी जागा द्यावी.

मी भुसावळला रेल्वेच्या सिग्नल खात्यात आहे. रिले, मल्टिमीटर, सोल्डर हे रोजचंच. सुटीच्या दिवशी आणि रात्रपाळीची झोप झाल्यावर जो वेळ उरतो, तो माझा या जुन्या संगणकांचा. सुरुवात घरातल्याच एका संगणकापासून झाली.

१९८७ साली मामांनी पुण्याहून आमच्या ताईसाठी स्पेक्ट्रम प्लस आणला. मूळ यंत्र विलायतेतल्या सिंक्लेअर कंपनीचं, १९८२ सालचं. प्लस हे त्याचंच कडक बटणांचं रूप १९८४मध्ये निघालं, आणि आपल्याकडे १९८६पासून डेसिबेल्स कंपनी ते परवान्याने विकत होती. आत झेड-८० प्रोसेसर, ४८ के म्हणजे ४८ किलोबाइट मेमरी. पडदा म्हणून घरातला टीव्ही आणि साठवणीला साधा टेपरेकॉर्डर. ताई तेव्हा बी.एस्सी.ला होती, मी नववीत. चोपडा तालुक्यातलं आमचं धाब्याचं घर, वीज कधी जाईल याचा नेम नाही. दहा ओळी टाइप झाल्या की ताई कॅसेटवर सेव्ह करायची, कारण वीज गेली की मेमरी कोरी. रविवारी सकाळी टीव्ही आम्हाला मिळायचाच नाही, सगळी आळी मालिका पाहायला ओसरीत बसलेली असे.

तेव्हा कापूस सरकारी एकाधिकार खरेदी योजनेत जायचा. खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग, दादा म्हणजे आमचे वडील रात्र रात्र तिथेच मुक्कामाला. घरी आल्यावर पावतीवरचं वजन, ग्रेडचा भाव आणि कपात यांचा मेळ घालत बसायचे. ताईने त्यासाठी प्रोग्रॅम लिहिला. आकडे घातले की हातात किती पडायला हवेत, ते पडद्यावर यायचं. दादांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून पडद्यावर मराठीच हवं, असा तिचा हट्ट.

स्पेक्ट्रममध्ये मराठी अक्षर नव्हतं. पण आपल्या मनाची २१ चिन्हं तयार करायची सोय होती. प्रत्येक चिन्ह आठ बाय आठ चौकोनांचं. ताईने माझ्या भूमितीच्या आलेख वहीत चौकोन पेन्सिलीने भरले. प्रत्येक आडव्या ओळीतल्या चौकोनांची किंमत डावीकडून १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. भरलेल्या चौकोनांची बेरीज केली की त्या ओळीचा आकडा मिळतो. काना सगळ्यात सोपा: वरची ओळ पूर्ण भरलेली म्हणजे २५५, आणि खालच्या सातही ओळी २. बेरजा करायचं काम माझ्याकडे होतं. जवळजवळ प्रत्येक अक्षराची वरची ओळ २५५ असल्यामुळे दोन अक्षरं शेजारी छापली की शिरोरेघ आपोआप जुळायची. पडद्यावर पहिल्यांदा ‘वजन’ हा शब्द एका सलग रेघेखाली उभा राहिला, तेव्हा आई चुलीपासून उठून आली आणि म्हणाली, “हाई काय शे वं?”

वेलांटी आणि मात्रा शिरोरेघेच्या वर जातात, त्या आठ बाय आठच्या खान्यात मावत नाहीत. म्हणून ताईने शब्दच असे निवडले की वर काही जाऊ नये. वजन, भाव, कपात, हातात. ‘हातात’ हा शब्द तिला दोन दिवसांनी सुचला. त्याआधी ‘एकूण’ होता, पण त्याच्या उकाराला खाली आणखी एक खाना लागत होता. चार शब्दांना काना धरून नऊ चिन्हं लागतात, म्हणजे बहात्तर आकडे. जगभरच्या लिप्या संगणकावर लिहायचं मानक म्हणजे युनिकोड, त्याची पहिली आवृत्ती १९९१मध्ये आली. त्याच्या तीन-चार वर्षं आधी आमच्या घरात दादा पडद्यावर मराठी वाचत होते.

मग ताईचं लग्न होऊन ती सुरतेला गेली. मी नोकरीला लागलो आणि यंत्र पत्र्याच्या पेटीत गेलं. चार वर्षांपूर्वी धाबं उतरवून स्लॅब टाकायचं ठरलं, तेव्हा ती पेटी निघाली. भंगारवाला दारात उभाच होता. त्याने पेटी उचलून अंदाज घेतला आणि शंभराची नोट पुढे केली. मी पेटी परत घरात घेतली.

शहरातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेलं, तर त्यांनी स्क्रूसुद्धा न काढता “फेकून द्या” म्हणून सांगितलं. मग घरीच उघडला. या यंत्रांचं एक मोठेपण आहे. आत जे आहे ते डोळ्यांना दिसतं, मल्टिमीटरने मोजता येतं. सगळं शहाणपण १६ केच्या रॉममध्ये, म्हणजे न पुसल्या जाणाऱ्या मेमरीत आहे, आणि मनात आणलं तर एक माणूस त्यातली सूचना न् सूचना वाचून समजून घेऊ शकतो. मी दोन वर्षं तेच करतोय. आजच्या मोबाइलबद्दल असं कुणालाच म्हणता येणार नाही.

चाळीस वर्षांत कपॅसिटर सुकतात, ते सगळे बदलले. कळफलकाखालचा प्लॅस्टिकचा पापुद्रा हात लावताच तडकला. असे पापुद्रे विलायतेत अजून नवे बनतात, तिथून मागवला. व्होल्टेज पाच व्होल्टवर स्थिर ठेवणारा मूळचा ७८०५ रेग्युलेटर आधीच तापतो, त्यात आमचा मे महिना ४५ अंशांचा, म्हणून त्याच्या जागी कमी तापणारा आधुनिक प्रकार बसवला. कुणाला असा संगणक सापडला तर एवढं लक्षात ठेवा: याच्या ९ व्होल्टच्या पिनेत मध्यभागी ऋण आणि बाहेर धन असतं, बाजारातले बहुतेक ॲडॉप्टर नेमके उलटे असतात. हौसेने लगेच सप्लाय देऊ नका. आधी उघडा, झटका, पाहा.

यंत्र दुरुस्त होतं हो. सुटे भाग मिळतात, सर्किटचे नकाशे मिळतात. खरी घाई कॅसेटची आहे. पेटीत अकरा कॅसेट होत्या. त्यांतल्या चार बुरशीने गेल्या, टेपचे थर एकमेकांना चिकटले होते. पाचवीवर ताईच्या अक्षरात ‘कापूस ३’ लिहिलेलं. तिच्यातली हेडवर टेप दाबणारी फेल्टची गादी निखळून पडली होती, म्हणून रिळं दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात बसवली. टेपरेकॉर्डरचं हेड कापसाच्या काडीने, स्पिरिट लावून पुसलं. हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो. तो केसभर फिरवला की आवाज बोदा होतो किंवा धारदार होतो. जिथे सगळ्यात धारदार, तिथे थांबायचं. मग तो आवाज लॅपटॉपवर रेकॉर्ड करून ठेवला आणि तिथून स्पेक्ट्रमच्या इअर सॉकेटला दिला. आधी लांब शिट्टी आणि पडद्याच्या कडेला लाल-निळसर पट्टे, मग खरखर आणि निळे-पिवळे पट्टे. दोनदा ‘आर टेप लोडिंग एरर’ आला. तिसऱ्यांदा स्क्रू आणखी किंचित फिरवून नव्याने रेकॉर्ड केलं आणि प्रोग्रॅम उतरला.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताई माहेरी आली. निंबाला झोका बांधलेला, घरात आमरस. मी काही न बोलता स्पेक्ट्रम टीव्हीला जोडून तिच्यापुढे ठेवला. तिने एक क्षण पाहिलं आणि जे दाबला. या यंत्रात जे दाबला की अख्खा ‘लोड’ शब्द उमटतो, मग अवतरणचिन्ह दोनदा. तिची बोटं आपोआप तिथे गेली. थोड्या वेळाने पडद्यावर वजन, भाव, कपात, हातात. दादांना आता कमी दिसतं. खुर्ची पुढे ओढून त्यांनी शेवटचा शब्द बोट फिरवून वाचला, ताईला एका जुन्या पावतीचे आकडे घालायला सांगितले, आणि उत्तर आल्यावर म्हणाले, “बठ्ठं बराबर शे.”

आमच्या ताईसारखी मुलं जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये आणखीही असणार. १९८४-८५मध्ये केंद्र सरकारच्या क्लास या शाळांमधल्या संगणक-शिक्षणाच्या प्रकल्पात देशातल्या निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले होते. त्यांवर विद्यार्थ्यांनी जे लिहिलं, ते कॅसेटवर नाहीतर फ्लॉपीवरच राहिलं. एका शाळेत प्रयोगशाळा नवी करताना जुने संगणक आणि खोकंभर फ्लॉपी किलोवर गेल्याचं मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर मी सुटी टाकून गेलो असतो. कॅसेटवर गाणी असतील असं समजून लोक त्या टाकतात. म्हणून टाकण्यापूर्वी एकदा लावून ऐका. लांब शिट्टी आणि त्यामागून खरखर ऐकू आली, तर ती बिघडलेली टेप नाही, कुणाचा तरी प्रोग्रॅम आहे.

मोहिमेच्या आयोजकांनी टेबल मांडलं तर शिफ्ट जुळवून मी स्वतः तिथे बसेन. कॅसेट उतरवून द्यायचे पैसे घेणार नाही, मूळ कॅसेट मालकाला परत मिळेल. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे, विचारणाऱ्याला तो जरूर द्यावा. फक्त येताना कॅसेट गाडीच्या डिकीत किंवा उन्हात ठेवू नका. कापडी पिशवीत घालून, सकाळी लवकर या.

आपला,
एक वाचक, भुसावळ