समासातल्या प्रश्नाचं उत्तर

प्रिय सोन्या,

तुझी कादंबरी चार दिवस माझ्याकडे होती. न विचारता उचलली, हे आधीच कबूल करते. मागच्या कव्हरवर 'मुलांची तस्करी' हे शब्द दिसले आणि मी ती सरळ कपाटात ठेवून दिली. तू शोधायला लागलास तेव्हा म्हटलं, हे वाचायचं तुझं वय नाही अजून. तू एवढंच म्हणालास, "आई, त्यातला मुलगा तेराच वर्षांचा आहे." मग मला ती वाचणं भागच पडलं.

पान ११२ वर, समासात, तुझी पेन्सिल सापडली. 'हा पळून का जात नाही???' तीन प्रश्नचिन्हं, खाली दोन रेघा. तिथपर्यंत वाचताना मीही त्या मुलावर चिडले होते, दलालावर नाही. हे लक्षात आल्यावर पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले. हे पत्र त्या एका प्रश्नापुरतं आहे.

त्या मुलाला ज्या कारखान्यात राबायला आणलंय, त्याच्या दाराला दिवसा कुलूप नसतं, हे तू पाहिलंस ना? मला वाटतं लेखकाने सगळ्यात विचारपूर्वक केलेली गोष्ट तीच. मुलगा बाहेर जाऊन पाणी भरून आणतो आणि आपल्या पायांनी परत येतो. त्याला बांधलंय ते वहीने. प्रवासाचं भाडं, जेवण, बोट कापलं तेव्हाची मलमपट्टी, सगळं त्याच्या नावावर. रोज रात्री मालक ती वही त्याच्यापुढे धरतो, आणि हा शाळेत गणितात हुशार होता, म्हणून बेरीज स्वतः करून बघतो. बेरीज बरोबर येते. म्हणूनच कर्जही त्याला खरं वाटतं! चुकीचं आहे ते दुसरंच: त्याचं राबणं त्या वहीत कुठे जमाच होत नाही. १९५६ च्या गुलामगिरीविरोधी आंतरराष्ट्रीय करारात कर्जापायीच्या वेठबिगारीची व्याख्या आहे, ती जवळपास हीच. माणसाच्या श्रमाची वाजवी किंमत त्याच्या कर्जात वळती होत नसेल, किंवा किती काळ आणि कसलं काम करायचं याला काही मर्यादाच नसेल, तर ती गुलामगिरीसारखीच प्रथा.

वहीपेक्षा घट्ट गाठ वेगळीच आहे. त्याला घेऊन आली ती आईच्या ओळखीची बाई. "तू इतर पोरांसारखा नाहीस, समजूतदार आहेस," असं ती त्याला म्हणाली होती. शाळाही मिळेल आणि घरी पैसेही जातील, असं सांगितलं, आणि तो 'हो' म्हणाला. त्या 'हो'ची त्याला एवढी लाज वाटते की परत जाऊन आईला काय सांगायचं हेच त्याला सुचत नाही. एरवी वयात येण्याच्या गोष्टीत मुलगा घराबाहेर पडतो, ठेचा खातो, शहाणा होतो. इथे भरवसा ठेवणं, मोठ्यांचं ऐकणं, घराला हातभार लावावासा वाटणं, हे जे आम्ही मोठी माणसं मुलांना कौतुकाने शिकवतो, त्याचाच दोर वळलेला आहे. ते वाचून मला आमचीच भीती वाटली.

आपले शब्दही गोंधळ वाढवतात. 'तस्करी' म्हटलं की रात्री सीमा ओलांडणारा ट्रक डोळ्यांसमोर येतो. पण सीमा ओलांडावीच लागते असं नाही. शोषणासाठी मुलाला मिळवणं, नेणं, लपवून ठेवणं, ताब्यात घेणं, यातलं काहीही त्यात येतं, मग ते शेजारच्या गल्लीत का असेना. 'आमिषाला बळी पडला' हे तर मला आता वाचवतही नाही. जणू हावरटपणा त्याचाच होता.

संयुक्त राष्ट्रांनी २००० साली मानवी तस्करीविरुद्ध एक करार केला, पालेर्मो शहराच्या नावाने तो ओळखला जातो. मोठ्या माणसाच्या बाबतीत त्यात जबरदस्ती, फसवणूक, अगतिकतेचा गैरफायदा असं काहीतरी दाखवावं लागतं. अठरा वर्षांखालच्या मुलासाठी ते दाखवायची गरजच ठेवलेली नाही. मुलाने 'हो' म्हटलं होतं का, या प्रश्नाला तिथे जागाच नाही. तुझ्या प्रश्नाखाली मी हेच लिहिलंय, पेन्सिलीनेच.

सक्तीच्या मजुरीत अडकलेली मुलं जगात सुमारे ३३ लाख, आणि त्यातली निम्मी लैंगिक शोषणाच्या धंद्यात, असा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०२१ सालासाठीचा अंदाज आहे. इतकी मुलं मला डोळ्यांसमोर आणता येत नाहीत. मला ती वहीच दिसते.

आता जे लिहायला चार दिवस लागले ते. मागच्या वर्षी गेममधल्या त्या अनोळखी माणसाबद्दल तू मला सांगायला आला होतास. त्याने तुला आधी फुकट नाणी दिली, मग तुझं खूप कौतुक केलं, मग 'आपल्यातच ठेव' म्हणत फोटो मागितला. तू फोटो पाठवला नाहीस, उलट माझ्याकडे आलास. आणि मी पहिलं वाक्य काय बोलले? "तू बोललासच कशाला त्याच्याशी?" तुझा चेहरा मला अजून आठवतो. तू "काही नाही" म्हणून खोलीत निघून गेलास आणि त्यानंतर असलं काही मला सांगितलं नाहीस. मी त्याला तुझं मोठं होणं समजत राहिले.

चूक माझी होती, सोन्या. नाणी घेतलीस त्यात तुझा काही गुन्हा नव्हता. यापुढे कधी, कुणाला, कशालाही 'हो' म्हणून बसला असशील, फोटो पाठवून झाला असेल, पैसे घेऊन झाले असतील, तरी मध्यरात्री उठव. 'का गेलास', 'का बोललास' हे मी विचारणार नाही. तोंडातून निघालंच, तर पान ११२ काढून माझ्यापुढे धर.

शेवटचं प्रकरण मात्र मला पटलं नाही. धाड पडते, सुटका होते आणि दोन पानांत आई त्याला पोटाशी धरते. इतक्या लवकर? मधले निवारागृहातले दिवस, पुन्हा पुन्हा द्यावे लागणारे जबाब, नजर चुकवणारे शेजारी, आणि ती बाई अजून त्याच वस्तीत राहते की नाही, याबद्दल लेखक गप्पच. तुला काय वाटतं ते वाचून झाल्यावर सांग. पुस्तक तुझ्या टेबलावर ठेवलंय, पेन्सिल आतच आहे.

तुझी,
आई