आधी पक्क्या वहीत चढवा, मग कच्ची फाडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत दर आठवड्याला एखाद्या नव्या फोनची माहिती येते. कॅमेरा केवढा, चार्जिंग किती मिनिटांत, किंमत चाळीस हजार. मी ती आवडीनं वाचतो आणि पान उलटतो. पण असलेला फोन भरला की त्यातलं सामान मेमरी कार्डवर कसं न्यावं, हे त्यात एकदाही आलेलं नाही. त्यापायी माझं जे झालं ते कळवावं म्हणून हे पत्र.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात चौतीस वर्षं दिवाणजी होतो. राहायला गावभागात. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, तेव्हा आमच्या घरात छातीइतकं पाणी होतं. पाणी ओसरल्यावर लोखंडी कपाट उघडलं तर आत कागदांचा लगदा. जे सुटं करता आलं ते सौ.नं दोरीवर चिमटे लावून वाळत घातलं आणि मी एकेकाचा फोटो काढत गेलो. घराचा उतारा, विम्याच्या पावत्या, आईवडिलांचा एकुलता एक जोडीचा फोटो, भिंतीवर पाण्यानं ओढलेली रेघ. पुढे कागदांना बुरशी आली, ते टाकून द्यावे लागले. फोटो तेवढे राहिले.

फोन 32 जीबीचा. त्यात नातीचं स्नेहसंमेलन, त्यात सकाळी सहापासून येणारे सुविचार आणि गुलाबाची फुलं. फोन रोज सांगू लागला की जागा संपली. म्हणून एका दुकानात गेलो. पोरगा चुणचुणीत होता. ‘काका, 64 चं कार्ड टाकतो, सगळं त्यावर हलवून देतो, दहा मिनिटं.’ (माझ्या फोनवर भाषा मराठी आहे आणि तिथं ‘हलवा’ असंच लिहिलेलं असतं. सौ. म्हणाली, संक्रांतीचा का?) मला वाटतं अर्धा तास लागला, पण फोन मोकळा झाला आणि मी खूश होऊन घरी आलो. कार्ड 64 चं घेतलं आणि फोन दाखवतो 59 च्या आसपास, तेव्हा मापात मारलं असं वाटलं होतं. ते तसं नसतं. कंपनी हजाराच्या हिशेबानं मोजते आणि काही फोन 1024 च्या. आपला कच्चा शेर आणि पक्का शेर.

दीड वर्ष ठीक चाललं. मग एके दिवशी फोन चार्जिंगला लावला तो उठलाच नाही. बोर्ड गेला म्हणाले. मी निर्धास्त होतो, सगळं कार्डावर होतं ना! पिन घालून कप्पा बाहेर काढला, नखाएवढं ते कार्ड सूनबाईच्या फोनमध्ये घातलं. फोन म्हणाला, कार्ड ओळखता येत नाही, फॉरमॅट करू का? दुसऱ्या फोनमध्ये घातलं, तेच. त्याच दुकानात गेलो तर उत्तर मिळालं, ‘काका, कार्ड करप्ट झालं.’

कार्ड करप्ट झालेलं नव्हतं. भाच्याचा मुलगा संगणकाचं शिकतो, त्यानं उलगडून सांगितलं. अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे 2015 पासून, बऱ्याच फोनमध्ये नवं कार्ड घातलं की दोन पर्याय येतात. एक पोर्टेबल, म्हणजे पेटी आज या घरात, उद्या त्या घरात, कुठंही उघडेल. दुसरा इंटर्नल, म्हणजे कार्ड त्याच फोनचा भाग होऊन बसतं. या दुसऱ्या प्रकारात फोन कार्डावरच्या सगळ्या मजकुराला कुलूप घालतो आणि किल्ली स्वतःच्या पोटात ठेवतो. फोन मेला की किल्ली गेली. कार्ड धडधाकट असूनही आत काय आहे ते कुणालाच वाचता येत नाही. पोरानं दुसरा पर्याय दाबला होता. मला विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मला कळलं नसतं, हेही कबूल करतो.

मुलाला पुण्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले काही फोटो परत मिळाले. ते दाबून लहान झालेले आहेत, उताऱ्यावरची बारीक अक्षरं वाचता येत नाहीत. उतारा सरकारी दप्तरातून नव्यानं काढला, त्याचं काही नाही. आईवडिलांचा जोडीचा फोटो मात्र मी कुणालाच पाठवला नव्हता.

आता माझ्या धंद्यातलं बोलतो. अडत दुकानात सौदा झाला की तो आधी कच्च्या वहीत उतरतो. संध्याकाळी तो खतावणीत, म्हणजे पक्क्या वहीत, चढवायचा, बेरजेचा ताळा घ्यायचा आणि मगच कच्च्या वहीत त्या ओळीवर खूण करायची. कच्ची वही फाडायची ती वर्षअखेरीला, शेठजींना विचारून. फोनमधलं ‘हलवा’ हे बटण चढवणं आणि फाडणं एका दमात करतं, मधला ताळा घ्यायला आपल्याला सवडच देत नाही. शेजारीच ‘कॉपी करा’ असतं. मी आता फक्त तेच दाबतो.

नव्या फोनच्या कप्प्यात एक अडचण आहे, दुसरं सिम घाला नाहीतर कार्ड घाला. मी सिम काढून टाकलं. रविवारी सकाळी चहा झाला की फाइल्समध्ये जाऊन डीसीआयएम (काढलेले फोटो साठतात ते फोल्डर), त्यात कॅमेरा, महिना संपला असेल तेवढे फोटो निवडतो आणि कार्डावर त्या महिन्याच्या नावाचं फोल्डर करून कॉपी करतो. संपल्यावर दोन्हीकडचे आकडे बघतो. परवा फोनमध्ये 212 आणि कार्डावर 211 निघाले. एक व्हिडिओ गेलाच नव्हता, लग्नातला, चार जीबीच्या वरचा. माझं हे कार्ड 32 चं आहे. त्यावरच्या फॅट-32 मांडणीत चार जीबीहून मोठी एक सबंध फाइल मावत नाही. ‘हलवा’ दाबून घाईत निघालो असतो तर तो व्हिडिओ कुठं आहे हे शोधत बसलो असतो.

नुसते आकडे जुळूनही भागत नाही. जत्रेत, रस्त्यावर 512 जीबीची कार्डं दोनशे रुपयांना मिळतात. त्यांतल्या खोट्या कार्डांवर आकडा मोठा छापलेला असतो आणि फोनलाही तोच सांगितला जातो, पण आत जागा थोडीशीच असते. शंभर पोत्यांच्या गोदामावर हजार पोत्यांची पाटी लावावी तसं. फोन भरत राहतो, कार्ड हो म्हणत राहतं आणि जागा संपल्यावरचा माल कुठंच नसतो किंवा आधीच्या मालावर पडतो. गॅलरीत चित्राचा छोटा ठसा दिसतो म्हणून आपण खूश. उघडून मोठं करायला जावं तर करडा पडदा. म्हणून मी कार्ड सेटिंगमधून रीतसर बंद करून काढतो, सूनबाईच्या फोनमध्ये घालतो, पाचसहा फोटो मोठे करून बघतो, एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत चालवतो. मगच फोनमधलं पुसतो. तिला याचा कंटाळा येतो, पण बोलत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपचं सामान वेगळ्या फोल्डरमध्ये असतं आणि ते उचलून कार्डावर नेलं की चॅटमध्ये फोटो सापडत नाही. हवे तेवढे कॉपी करावेत. सुविचारांसाठी त्याच अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये स्टोरेजखाली मोठ्या फाइल्स आणि वारंवार पुढे ढकललेले संदेश वेगळे काढून दाखवतात. मी एका बैठकीत तीन जीबी गुलाबं पुसली.

आमच्याकडे सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं, म्हणजे माल साठवायचे जमिनीतले खड्डे, होती. 2005 च्या महापुरात त्यांत पाणी शिरलं तेव्हा ज्यांचा माल तिथंही होता आणि गोदामातही, ते शेठ निम्म्यावर सुटले. माझं आता एक कार्ड घरी आणि त्याचीच प्रत एका पेनड्राइव्हवर मुलाकडे, कात्रजला, चढावर.

दुकानदारांना एवढीच विनंती की कार्ड टाकून दिलं तर पावतीवर ‘पोर्टेबल’ की ‘इंटर्नल’ हा एक शब्द लिहा. आणि आपल्याला एक. दर जुलैत आयर्विन पुलाशी पाणी 40 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागलं की आपण चौकट छापता, कागदपत्रं वर ठेवा, सिलिंडर बंद करा. त्या चौकटीत एक ओळ वाढवा की फोनमधल्या फोटोंची प्रत करा आणि ती दुसऱ्या फोनवर उघडून बघा. 45 ची धोका पातळी आल्यावर कुणाला सवड नसते.

आपला,
एक निवृत्त दिवाणजी,
गावभाग, सांगली